गरनाळ्यातलं पाणी आणि गाडीचा विमा

बडोद्यात गाडीचा विमा घ्यायचा तर विचार विश्वामित्री नदीपासून सुरू करावा, असं माझं स्पष्ट मत आहे. कंपनी कुठली, प्रीमियम किती, ऑनलाइन घ्यावा की एजंटकडून, हे सगळं नंतर. नदीची धोक्याची पातळी 26 फूट. ऑगस्ट 2024मध्ये पाणी 35 फुटांच्या वर गेलं आणि सयाजीगंज, फतेहगंज, समा, अकोटा या भागांत सोसायट्यांची पार्किंगं पाण्याखाली गेली. रस्त्यावर आलेल्या मगरींचे व्हिडिओ देशभर फिरले. पार्किंगमधल्या गाड्यांचं काय झालं ते मात्र ज्याचं त्याने निस्तरलं. पुढे पुन्हा पावसाचा इशारा आला तेव्हा लोकांनी गाड्या सरळ उड्डाणपुलांवर नेऊन लावल्या. काही जण हसले, पण ज्यांनी एकदा वर्कशॉपचं बिल पाहिलं होतं ते हसले नाहीत.

पूर न आलेल्या वर्षीही अलकापुरीचं गरनाळं, म्हणजे रेल्वेखालून जाणारा रस्ता, आहेच. एक दणदणीत सर आली की तिथे पाणी साचतं, आणि "समोरची रिक्षा गेली की, मग आपली का नाही जाणार" म्हणत कुणीतरी गाडी घालतंच.

विम्याचं विचारलं की आपल्याकडे बहुतेकांचं उत्तर ठरलेलं असतं: "फर्स्ट पार्टी आहे, काळजी नाही." म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचाही विमा आहे. आता एकाच वर्कशॉपमध्ये उभ्या असलेल्या, सारख्याच वयाच्या, सारख्याच बुडालेल्या दोन गाड्या डोळ्यांसमोर आणा. दोन्हींची फर्स्ट पार्टी. एकाला हजार-दोन हजारांत गाडी परत मिळते, दुसऱ्याला इंजिनाचं सगळं बिल खिशातून भरावं लागतं. फरक असतो तो पॉलिसीत लिहिलेल्या किंवा न लिहिलेल्या एका ओळीचा. म्हणून प्रीमियमचा आकडा बघून पॉलिसी निवडू नये. आपल्या गाडीचं काय होण्याची शक्यता जास्त आहे आणि तेव्हा बिलातला कुठला भाग आपल्या माथी येईल, इथून उलटं यावं.

कायद्याने लागतोच तो भाग

मोटार वाहन कायदा, 1988च्या कलम 146प्रमाणे थर्ड पार्टी विमा, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचं जे नुकसान होईल त्याचा, सक्तीचा आहे. तो नसताना गाडी चालवली तर पहिल्या वेळी 2,000 रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, आणि पुन्हा सापडलात तर दंड 4,000. पण दंड ही त्यातली किरकोळ गोष्ट. तुमच्या गाडीने कुणी जखमी झालं किंवा गेलं तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरण जी भरपाई ठरवेल ती विमा कंपनी भरते, आणि तिला वरची मर्यादा नाही. समोरच्याच्या मालमत्तेच्या नुकसानीला मात्र साडेसात लाखांची मर्यादा आहे. विमाच नसेल तर हीच भरपाई मालकाकडून वसूल होते. त्यात घर जाऊ शकतं.

थर्ड पार्टीचा दर सरकार ठरवतं, त्यामुळे कुठल्याही कंपनीकडे तो सारखाच. 1 जून 2022पासून लागू झालेल्या दरांप्रमाणे 1000 सीसीपर्यंतच्या खासगी गाडीला वर्षाला 2,094 रुपये, 1000 ते 1500 सीसीला 3,416, त्याच्या वर 7,897, आणि त्यावर 18 टक्के जीएसटी. म्हणजे "आमच्याकडे थर्ड पार्टी स्वस्त आहे" असं कुणी म्हणालं तर तो एकतर चुकतोय किंवा फसवतोय.

सप्टेंबर 2018पासून नव्या गाडीला थर्ड पार्टी एकदम तीन वर्षांची घ्यावी लागते. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी फक्त स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग, ज्याला ओन डॅमेज म्हणतात, तेवढाच घ्यायचा असतो आणि तो वेगळ्या कंपनीकडूनही घेता येतो. शोरूमवाले हे आपणहून सांगत नाहीत, त्यांच्या रिन्यूअलच्या फोनमध्ये एकच कंपनी असते.

याच पॉलिसीत मालक-चालकाचा 15 लाखांचा अपघात विमा असतो. तो फक्त मालकाला, आणि तोही मालकाकडे लायसन्स असेल तरच. आपल्याकडे गाडी बाबांच्या नावावर आणि चालवणारा मुलगा, किंवा गाडी बायकोच्या नावावर आणि तिच्याकडे लायसन्सच नाही, अशी घरं कितीतरी. तिथे हे संरक्षण कागदावरच राहतं. चालवणाऱ्याने स्वतःचा वेगळा अपघात विमा घेतलेला बरा. घरी पगारी ड्रायव्हर असेल तर त्याच्याबद्दलची मालकाची जबाबदारी फक्त 50 रुपये जास्त भरून पॉलिसीत घालता येते. 50 रुपये! तरी निम्म्या पॉलिसींत ती ओळ नसते, कारण कुणी विचारत नाही.

बिल मांडून बघू

आता फर्स्ट पार्टी. थर्ड पार्टी आणि ओन डॅमेज एकत्र, म्हणजेच पॅकेज पॉलिसी. यात अपघात, आग, चोरी, दंगल, पूर, वादळ, गारपीट, भूकंप सगळं येतं. मग खिशातून का जातात?

समजा गाडी तीन वर्षं पूर्ण होऊन चौथ्यात आहे आणि काळा घोडा सर्कलला पुढच्या बसने अचानक ब्रेक मारल्यामुळे नाक फुटलं. वर्कशॉपचं बिल असं आलं (आकडे मी हिशेबाला सोपे घेतलेत, जीएसटीही बाजूला ठेवलाय): बंपर 9,000, बॉनेट 12,000, हेडलाइट 8,000, समोरची काच 7,000, रंगकाम 8,000, मजुरी 5,000 आणि कूलंट, क्लिपा, नटबोल्ट असलं बारीकसारीक 1,500. एकूण 50,500.

नुकसान तपासणारा सर्व्हेअर हे बिल घेऊन बसतो आणि एकेका ओळीवर घसारा लावतो, म्हणजे जुनेपणापोटी पैसे कापतो. प्लास्टिक, रबर, नायलॉन, टायर, बॅटरी यांच्यावर गाडीचं वय काहीही असो, थेट 50 टक्के. म्हणून बंपरचे 4,500 गेले. हेडलाइटही हल्ली सगळी प्लास्टिकची, तिचे 4,000 गेले. पत्र्याच्या भागांवर वयाप्रमाणे घसारा: पहिले सहा महिने शून्य, वर्षापर्यंत 5 टक्के, मग 10, 15, 25, 35 अशी चढण, पाच ते दहा वर्षांच्या गाडीला 40 आणि दहाच्या वर 50. आपल्या गाडीला 25 टक्के लागतात, म्हणजे बॉनेटचे 3,000 गेले. काचेवर घसारा नाही. रंगकामाच्या बिलातला चौथा हिस्सा हा रंगसामानाचा मानतात आणि त्यावर 50 टक्के कापतात, म्हणजे 1,000. मजुरी पूर्ण मिळते. क्लिपा-कूलंट वगैरे वापरून संपणारं सामान पॉलिसीत बसत नाही, ते 1,500 आपले. शेवटी सक्तीची वजावट, म्हणजे क्लेममधली आपण भरायचीच रक्कम, 1500 सीसीपर्यंतच्या गाडीला 1,000 रुपये.

बेरीज केली तर 15,000 आपल्या खिशातून, 35,500 कंपनीचे.

झिरो डेप नावाचं जे अॅड-ऑन, म्हणजे जादा पैसे भरून घ्यायचं संरक्षण, विकतात ते नेमकी ही घसाऱ्याची कापणी थांबवतं. वरच्या बिलात ते असतं तर आपले फक्त 2,500 गेले असते, आणि सोबत कन्झ्युमेबल्सचं अॅड-ऑन असतं तर 1,000. गाडीवर जितकं प्लास्टिक जास्त तितका याचा उपयोग मोठा, आणि हल्लीच्या गाड्यांचं तोंड म्हणजे प्लास्टिकच. शहरात रोज मांडवी-न्यायमंदिर-रावपुऱ्याच्या गर्दीतून गाडी काढणाऱ्याने हे घ्यावंच. पण दोन गोष्टी विचारून. एक, वर्षात किती क्लेम चालतात? बऱ्याच पॉलिसींत दोनच. दुसरी, गाडी किती वर्षांची होईपर्यंत मिळेल? बहुतेक कंपन्या पाच वर्षांनंतर हात आखडता घेतात, काही थोडं पुढे जातात.

झिरो डेपबद्दल एक गैरसमज फार पक्का आहे: "झिरो डेप आहे म्हणजे गाडी गेली तर नव्याचे पैसे." अजिबात नाही. ते सुट्या भागांपुरतं आहे. पूर्ण गाडी गेली तर हिशेब होतो आयडीव्हीवर, म्हणजे पॉलिसीत लिहिलेल्या गाडीच्या किमतीवर.

ही किंमत कशी ठरते तेही बघून ठेवा. गाडी बनवणाऱ्या कंपनीच्या त्याच मॉडेलच्या आजच्या विक्री किमतीतून (रोड टॅक्स आणि रजिस्ट्रेशन धरत नाहीत) सहा महिन्यांपर्यंत 5 टक्के वजा, वर्षापर्यंत 15, दोन वर्षांपर्यंत 20, तीनपर्यंत 30, चारपर्यंत 40, पाचपर्यंत 50. पाचच्या पुढे कंपनी आणि मालक यांनी आपसात ठरवायची. आठ लाखांची गाडी चौथ्या वर्षात असेल तर आयडीव्ही 4,80,000. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या 75 टक्क्यांवर, म्हणजे इथे 3,60,000च्या वर गेला, की गाडी टोटल लॉस धरतात. पुरात डॅशबोर्डपर्यंत पाणी गेलेल्या गाडीत वायरिंग, कंट्रोल युनिट, सीट, एअरबॅग आणि वर इंजिन इतकं मोजायला घेतलं तर हा आकडा ओलांडायला वेळ लागत नाही. मग हातात आयडीव्ही वजा 1,000 येतात. गाडीवर कर्ज असेल तर त्यातून आधी बँकेचं.

म्हणून रिन्यूअलच्या वेळी कुणी "सर, प्रीमियम कमी करून देतो" म्हणालं की पहिली नजर आयडीव्हीवर टाकायची. सूट बहुतेक वेळा तिथूनच काढलेली असते. वरच्या गाडीची किंमत 4,10,000 लिहिली तर या वर्षी काही शे रुपये वाचतील, आणि गाडी गेली तर सत्तर हजारांचा खड्डा.

रिटर्न टू इन्व्हॉइस हे अॅड-ऑन याच टोटल लॉससाठी. चोरी झाली किंवा गाडी पुरती गेली तर बिलाची मूळ रक्कम, आणि अनेक पॉलिसींत रोड टॅक्स-रजिस्ट्रेशनसुद्धा मिळतं. ते साधारणपणे पहिली काही वर्षंच मिळतं. तळमजल्याखाली पार्किंग असलेल्या नव्या गाडीला मी ते न सांगता घालेन.

इंजिनात पाणी

आता मुख्य गोष्ट. पूर पॉलिसीत आहे, मग इंजिन का नाही?

इंजिनाच्या सिलिंडरमध्ये पिस्टन वर येतो तेव्हा आतली हवा दाबली जाते. हवा दबते. पाणी दबत नाही. एअर फिल्टरच्या वाटेने सिलिंडरमध्ये पाणी शिरलं आणि पिस्टन वर यायला निघाला, तर त्याला पुढे जागाच नसते. मागून क्रँकशाफ्टचा जोर, पुढे पाणी, मध्ये सापडतो तो कनेक्टिंग रॉड. तो वाकतो. कधी तुटून इंजिनाच्या ब्लॉकला भोक पाडतो. याला हायड्रोस्टॅटिक लॉक म्हणतात.

कंपनीचं म्हणणं असं: पाणी आत गेलं ते पुरामुळे, ते आम्ही भरू. म्हणजे गाडी खोलून साफ करणं, ऑइल-फिल्टर बदलणं, गालिचे, सीट, वायरिंग. पण रॉड वाकला तो तुम्ही पाण्यात गाडी चालवत ठेवलीत किंवा बंद पडल्यावर सेल्फ मारलात म्हणून. ते नुकसान पुराचं नाही, त्यानंतरच्या कृतीचं. पॉलिसीत असं मागाहून होणारं नुकसान वगळलेलं असतं. यावरून ग्राहक आयोगांपर्यंत वाद गेले आहेत, पण भांडून मिळवण्यापेक्षा इंजिन प्रोटेक्ट हे अॅड-ऑन आधीच घेतलेलं परवडतं. ते असेल तर वाकलेला रॉड, पिस्टन, ब्लॉक, गिअरबॉक्स, ही सगळी यादी आत येते. त्यातच आणखी एक फायदा असतो. खड्ड्यात किंवा मोठ्या स्पीडब्रेकरवर खालून ऑइलचा सम्प, म्हणजे इंजिनाखालची ऑइलची टाकी, फुटला तर सम्प साध्या पॉलिसीतही मिळतो, पण ऑइल गळून गेल्यावर चालत राहून इंजिन जाम झालं तर ते इंजिन प्रोटेक्टशिवाय मिळत नाही.

मकरपुऱ्याच्या बाजूला एका गॅरेजमध्ये हे मी जवळून पाहिलं आहे. गाडी क्रेनने आणलेली, दारांवर चिखलाची रेघ हँडलच्या थोडी खाली. सर्व्हेअरने आधी त्या रेघेचा फोटो काढला, मग बॉनेट उघडून एअर फिल्टरचा डबा खोलला. फिल्टर ओला, कोपऱ्यात बारीक गाळ. मग डिपस्टिक ओढली. ऑइलचा रंग दूध जास्त पडलेल्या चहासारखा. त्याने मालकाला फक्त एकच विचारलं, "सेल्फ मारला होता का?" मालक म्हणाले, "छे हो, हातच लावला नाही." सर्व्हेअर काही बोलला नाही. स्पार्क प्लग काढून इंजिन हाताने फिरवायला सांगितलं, ते सुरळीत फिरलं, प्लगच्या भोकांतून गढूळ पाणी उडालं. गॅरेजवाला हसला. रॉड सरळ होते, मालक खरं बोलत होते, आणि बिल निम्म्याहून खाली आलं. वाकलेला रॉड लपवता येत नाही. सेल्फ मारला असेल तर इंजिन खोलल्यावर ते कळतंच.

तेव्हा पाऊस चढत असताना एवढं लक्षात ठेवा. गाडी पाण्यात बंद पडली तर ती बंदच राहू द्या. आपल्याकडचे गॅरेजवाले फोनवर पहिलं वाक्य हेच म्हणतात, "सेल ना मारता हों!" ढकलून बाहेर काढा किंवा तिथेच सोडून माणसं बाहेर पडा. पार्किंगमध्ये बुडाली असेल तर पाणी किती होतं ते दिसेल असे फोटो, तारीख-वेळेसकट. कंपनीला लगेच फोन. सर्व्हे होईपर्यंत गाडी धुऊ नका, चिखलाची रेघ हाच तुमचा साक्षीदार आहे. ऑटोमॅटिक गाडी दोरीने ओढू नका, सपाट ट्रेलरवर चढवून न्या. आणि हो, साध्या पॉलिसीत टोइंगचे जास्तीत जास्त 1,500 रुपये मिळतात, पुराच्या दिवशी क्रेनवाला तेवढ्यात फोनही उचलत नाही. म्हणून रोडसाइड असिस्टन्सचे थोडे पैसे भरलेले चांगले.

इशारा मिळूनही गाडी मुद्दाम बुडू देणं हेही चालत नाही. पॉलिसीच्या अटींत वाहनाची वाजवी काळजी घेण्याची जबाबदारी मालकावर असते. उड्डाणपुलावर गाडी लावणारे ती पार पाडत होते म्हणायचं. इंजिन प्रोटेक्ट असूनही काही कंपन्या पाण्यात पुन्हा पुन्हा सेल्फ मारल्याचं निमित्त करून नाकारतात, तेव्हा त्या अॅड-ऑनची अर्ध्या पानाची अट एकदा वाचा. सगळी पॉलिसी वाचायला मी कुणाला सांगणार नाही, पण हे अर्धं पान वाचाच.

इलेक्ट्रिक गाडी असेल तर इंजिनाऐवजी बॅटरी आणि मोटर. नाव बॅटरी प्रोटेक्ट असं काहीतरी असेल. बॅटरी हाच गाडीचा सगळ्यात महाग भाग, त्यामुळे तिथे तर घासाघीस करूच नये.

क्लेम करावा की नाही

वर्षभर क्लेम केला नाही की ओन डॅमेजच्या प्रीमियमवर नो क्लेम बोनस नावाची सूट मिळते. पहिल्या वर्षानंतर 20 टक्के, मग 25, 35, 45, 50. एक क्लेम केला की पुढच्या वर्षी शून्य. सगळ्यांना एवढं माहीत असतं. पण तो तोटा एका वर्षाचा नसतो, हे कुणी मांडून बघत नाही.

समजा सध्या तुमचा बोनस 35 टक्के आहे. क्लेम न करता गेलात तर पुढची वर्षं 45, 50, 50, 50, 50. क्लेम केलात तर 0, 20, 25, 35, 45, आणि मग कुठे 50. फरक 45, 30, 25, 15, 5, बेरीज 120. म्हणजे बोनस न धरता ओन डॅमेजचा प्रीमियम 8,000 असेल तर एका क्लेमची खरी किंमत 9,600 रुपये. गाडी जुनी होईल तसा प्रीमियम उतरतो म्हणून थोडं कमी धरा, आठ-साडेआठ हजार. वर 1,000 वजावट. तेव्हा बंपरला ओरखडा पडून सहा हजारांचं बिल आलं तर गप्प भरून टाका. गॅरेजवाला म्हणेल, "क्लेममध्ये टाकू या, साहेब, तुमचं काय जातंय?" बरंच काही जातंय.

बोनस गाडीचा नसतो, माणसाचा असतो. जुनी गाडी विकताना कंपनीकडून बोनसचं पत्र घेतलं तर तीन वर्षांपर्यंत तो नव्या गाडीला लावता येतो. 50 टक्के बोनस असलेले कितीतरी लोक जुनी गाडी एक्स्चेंजला देऊन नव्या गाडीचा पूर्ण प्रीमियम भरतात. आणि पॉलिसी संपून 90 दिवस उलटले तर बोनस जातो. बाकी पॉलिसी संपल्याच्या क्षणापासून विमाच नसतो, तेव्हा 90 दिवसांची सवलत आहे अशा भ्रमात कुणी राहू नये.

जुनी गाडी

दहा-बारा वर्षांची गाडी, किंमत लाख-सव्वा लाख. "आता थर्ड पार्टीच पुरे" हा सल्ला सर्रास मिळतो आणि हिशेबाने बरोबरही वाटतो. मला तो पटत नाही, आणि कारण गाडीचं नाही. नुसत्या थर्ड पार्टी पॉलिसीत खासगी गाडीत बसलेल्या माणसांची जबाबदारी येत नाही. पॅकेज पॉलिसीत येते. विमा नियामकाने 2009मध्ये कंपन्यांना तसं स्पष्टही केलं आहे. म्हणजे डाकोरला निघालात, मागे आत्या आणि तिची मैत्रीण, आणि चूक तुमचीच असलेला अपघात झाला, तर थर्ड पार्टीवर त्यांना कंपनीकडून काही मिळणं कठीण. न्यायाधिकरण तुमच्याकडे बोट दाखवेल. जुन्या गाडीचा ओन डॅमेज प्रीमियम तसाही उतरलेला असतो. तेवढ्यासाठी मागच्या सीटवरची माणसं उघड्यावर टाकू नयेत. झिरो डेप, इन्व्हॉइस वगैरे खुशाल सोडा.

हीच पॉलिसी भाड्याच्या वापराला मात्र चालत नाही. शेजाऱ्यांना शिर्डीला गाडी दिली, इतपर्यंत ठीक. त्यांनी डिझेल भरलं तेही ठीक. पण किलोमीटरवर पैसे ठरवले की ती भाड्याची गाडी, आणि क्लेम नाकारायला कंपनीला कारण मिळालं.

गुजरातेत घरोघर सीएनजी. कंपनीतून बसवून आलेलं असेल तर प्रश्न नाही. बाहेरून किट बसवलं असेल तर ते आरसी बुकवर चढलं पाहिजे आणि पॉलिसीतही. किटच्या किमतीवर साधारण 4 टक्के आणि थर्ड पार्टीत 60 रुपये, एवढाच त्याचा खर्च. न सांगता बसवलेलं किट आणि गाडीला आग, हे एकत्र आलं तर क्लेम मिळवणं फार अवघड.

जुनी गाडी विकत घेतलीत तर आरसीसोबत विमाही नावावर करायचा आणि तोही 14 दिवसांत. थर्ड पार्टी कायद्यानेच नव्या मालकाकडे येते, ओन डॅमेज येत नाही. आधीच्या मालकाच्या नावाची पॉलिसी ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवून फिरणारे खूप आहेत.

गाडी कमी फिरत असेल, म्हणजे सकाळी भाजीला खंडेराव मार्केट आणि महिन्यातून एकदा अहमदाबाद, तर किलोमीटरवर प्रीमियम ठरणारी पॉलिसीही मिळते. विमा नियामकाने जुलै 2022मध्ये त्याला वाट करून दिली. निवृत्त मंडळींना ती परवडते. फक्त ठरवलेले किलोमीटर संपत आले की वाढवून घ्यायला विसरू नये.

नाकारलं तर

क्लेम नाकारला किंवा बराच कापला तर कारण लेखी मागा आणि सर्व्हे रिपोर्टची प्रत मागा. ती मिळण्याचा तुम्हाला हक्क आहे. आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे लेखी तक्रार. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपाल. गुजरातसाठी त्यांचं कार्यालय अहमदाबादला आहे. कंपनीच्या उत्तरानंतर वर्षाच्या आत अर्ज करायचा. फी नाही, वकील लागत नाही, किंबहुना चालतही नाही. आपलं आपणच बोलायचं. अर्जासोबत पॉलिसीची प्रत, नकाराचं पत्र, सर्व्हे रिपोर्ट, वर्कशॉपचं बिल आणि ते तारीख-वेळेचे फोटो जोडायचे. लोकपालांचा निर्णय कंपनीवर बंधनकारक असतो, तक्रारदारावर नाही, त्यामुळे तो पटला नाही तर ग्राहक आयोगाकडे जाता येतं.